आधी ‘कशावरून?’ : मुलांना मत मांडायला आणि लिहायला कसं शिकवावं

सहावीच्या वर्गाला मी पहिल्यांदा ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा निबंध दिला, तेव्हा २९ वह्या जमा झाल्या. त्यांतल्या १७ वह्यांत शेवटचं वाक्य एकच होतं : ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात.’ अक्षरं वेगळी, शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या, आणि मत कुणाचंच नाही. एका मुलाच्या घरी एकच फोन होता, तोही दिवसभर वडिलांच्या खिशात शेतात असायचा. त्यानेही लिहिलं होतं, ‘मोबाइलच्या अतिवापराने डोळे बिघडतात.’ मी त्याला विचारलं, ‘तुझ्या हातात फोन कधी येतो?’ तो म्हणाला, ‘रविवारी मॅडम, चार्जिंगला लावलेला असतो तेव्हा.’ निबंधात यायला हवं होतं ते हे. पण असलं काही निबंधात लिहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हे लिहिलंय, पण घरी मुलांना लिहायला बसवणाऱ्या आई-वडिलांनाही उपयोगी पडेल. मुलांची भाषा कमी पडते म्हणून त्यांना मत लिहिता येत नाही, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की, त्यांना ‘कशावरून?’ हा प्रश्न कुणी मनापासून विचारलेला नसतो. तो विचारायची सवय आधी आपल्याला लागते, मग मुलांना.

पहिले दोन आठवडे वही उघडायची नाही

मत लिहायच्या आधी ते बोलून पाहावं लागतं. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून तीन तास, फक्त बोलणं ठेवा. मी ‘भिंतीचा खेळ’ घेते. वर्गाच्या एका भिंतीवर ‘पटतं’, समोरच्या भिंतीवर ‘पटत नाही’ आणि मागच्या भिंतीवर ‘अजून ठरलं नाही’ अशा चिठ्ठ्या लावायच्या. फळ्यावर एक वाक्य लिहायचं. मुलांनी उठून आपापल्या भिंतीपाशी जायचं. मग तिन्ही भिंतींकडच्या दोघा-तिघांना विचारायचं, ‘तू इथे का उभा राहिलास?’ ऐकता ऐकता कुणाला दुसऱ्या भिंतीकडे जावंसं वाटलं तर त्याने न विचारता जायचं. फक्त जाताना एवढं सांगायचं, की कुणाच्या कोणत्या बोलण्यामुळे तो हलला.

हा शेवटचा नियम सोडू नका. मत बदलणं म्हणजे हरणं, असं मुलांना बाहेरून शिकवलेलं असतं. ज्या दिवशी एक हट्टी मुलगा वर्ग ओलांडून ‘हिचं म्हणणं बरोबर वाटलं’ म्हणत पलीकडे गेला, त्या दिवसापासून माझ्या वर्गातली भांडणाची भाषा कमी झाली.

वाक्यं मुलांच्या रोजच्या जगण्यातली हवीत. ‘पर्यावरणाचं रक्षण करावं’ यावर सगळा वर्ग एकाच भिंतीला चिकटतो आणि खेळ संपतो. त्याऐवजी हे पाहा : मधल्या सुट्टीत अर्धं मैदान मुलींना राखून ठेवावं. पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांनी सांगितलेला पदार्थ असावा. वर्गात बसायच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात. गृहपाठ न केलेल्याला वर्गाबाहेर उभं करू नये. या प्रत्येक वाक्यावर वर्ग फुटतो, आणि तो फुटायलाच हवा.

पहिल्या दिवशी सगळी मुलं वर्गातल्या हुशार मुलाच्या मागे जातात, नाहीतर तुमच्या चेहऱ्याकडे पाहून भिंत निवडतात. यावर उपाय आहे. आधी प्रत्येकाने कागदाच्या कपट्यावर ‘प’, ‘न’ किंवा ‘ठ’ एवढं एक अक्षर लिहून मुठीत धरायचं आणि मगच चालायला लागायचं. मुठीत एक आणि पाय दुसरीकडे असं झालं तर मूल स्वतःच थबकतं.

मत, माहिती आणि आवड

इथे फार वेळ घालवू नका, पण हा टप्पा गाळूही नका. ‘आमच्या शाळेत सात वर्ग आहेत’ ही माहिती झाली. मोजून पाहता येते. ‘मला कबड्डी आवडते’ ही आवड झाली. तिच्याशी कुणी वाद घालत नाही. ‘आमच्या शाळेत मुलींचाही कबड्डीचा संघ असावा’ हे मत झालं. ओळखायची खूण सोपी आहे : ज्या वाक्यावर शेजारचा ‘मला नाही पटत’ म्हणू शकतो आणि त्याला पटवायला आपल्याला काही दाखवावं लागतं, ते मत.

मुलांकडून अशी दहा-दहा वाक्यं कपट्यांवर लिहून घ्या, एका डब्यात टाका आणि तीन ढीग करायला लावा. एखादं वाक्य कोणत्या ढिगात जातं यावरून भांडण झालं तर तो तास सत्कारणी लागला असं समजा. ‘आमच्या गावची यात्रा सगळ्यांत भारी’ ही आवड की मत, यावर माझ्या वर्गात एकदा अर्धा तास गेला होता.

कशावरून? दप्तराच्या वजनाची गोष्ट

सगळ्यांत जास्त दिवस इथे द्या. मुलांना मी चार शब्द देते : पाहिलेलं, मोजलेलं, विचारलेलं, वाचलेलं. कोणत्याही मतामागे यांतलं निदान एक हवं. ‘सगळे म्हणतात’ हे या चारांत बसत नाही. ‘मॅडम म्हणाल्या’ हेही नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाका, त्यात आपला मान कमी होत नाही.

हे कसं चालतं याचा दाखला देते. भिंतीच्या खेळात एकदा ‘दप्तर जड असतं, पुस्तकं कमी करावीत’ हे वाक्य होतं आणि जवळजवळ सगळा वर्ग ‘पटतं’कडे गेला. मी म्हटलं, ‘कशावरून?’ उत्तर आलं, ‘खांदे दुखतात.’ हे पाहिलेलं, म्हणजे अनुभवलेलं झालं. मग मी सांगितलं, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे. हे वाचलेलं. आता मोजायचं राहिलं. आरोग्य तपासणीचा वजनकाटा कपाटात होता, तो बाहेर काढला. टक्केवारीचा तास आपोआप झाला. ३० किलोच्या मुलाचं दप्तर ३ किलोपर्यंत हवं. बहुतेकांची दप्तरं ४ किलोच्या आसपास निघाली.

मुलं खूश झाली. आपलं मत खरं ठरलं असं त्यांना वाटलं. तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, दप्तरात काय काय आहे तेही मोजू या का?’ सगळं बाहेर काढून वेगवेगळं मोजलं. पुस्तकं आणि वह्या मिळून बऱ्याच जणांच्या ३ किलोच्या आतच होत्या. उरलेलं वजन कशाचं होतं? पाण्याच्या बाटलीचं. लिटरभर पाण्याचं वजनच एक किलो, वर बाटलीचं वेगळं. आणि मुलं एवढी मोठी बाटली का आणतात? कारण शाळेच्या टाकीतलं पाणी कुणी पीत नव्हतं.

त्या दिवशी वर्गाचं मत बदललं. ‘पुस्तकं कमी करावीत’ खोडून फळ्यावर लिहिलं गेलं, ‘शाळेत पिण्याजोगं पाणी हवं.’ मी त्यात एक शब्दही घातला नव्हता. मोजलं नसतं, तर याच मुलांनी दप्तराच्या ओझ्यावर एक छान, चुकीचा निबंध लिहिला असता आणि मी त्याला चांगले गुण दिले असते. म्हणून नवीन शिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : वर्षात निदान एक विषय असा घ्या की ज्यात मुलं वर्गाबाहेर पडून मोजतील किंवा चार माणसांना विचारून येतील.

विचारायला पाठवताना थोडी तयारी करून घ्या. प्रश्न तीनच असावेत आणि त्यांतला एकही ‘हो ना?’ने संपणारा नसावा. ‘पाणी वाईट आहे ना?’ असं विचारलं की समोरचा मान हलवतो. ‘तुम्ही शाळेतलं पाणी पिता का? का पीत नाही?’ असं विचारलं की माणूस बोलतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा फरक चटकन कळतो, कारण घरी त्यांनाही असेच प्रश्न विचारले जातात.

आधी बोलीत, मग प्रमाण भाषेत

आमच्याकडे मुलं घरी अहिराणी बोलतात. ‘तुझं मत सांग’ म्हटलं की जीभ अडखळते. ‘तुले काय वाटस?’ म्हटलं की ती सुटते. तुमच्या शाळेत ती बोली वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, भिली असेल, किंवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाची आणखी कोणती. पहिला कच्चा मजकूर मुलाला त्याच्या बोलीत लिहू द्या. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माले वाटस शाळा सकायनी पाहिजे. माय एकलीच कापूस येचस.’ या दोन वाक्यांत मत आहे, कारण आहे आणि आईची काळजी आहे. तिला पहिल्यापासून प्रमाण भाषेत लिहायला लावलं असतं तर ‘सकाळची शाळा आरोग्यास हितकारक असते’ असं काहीतरी आलं असतं.

प्रमाण भाषेत आणायचं ते दुसऱ्या वेळी. तेव्हा मुलाला सांगायचं, की हे मुख्याध्यापक वाचणार आहेत, सरपंच वाचणार आहेत, मग कसं लिहायचं? कुणासाठी लिहितोय हे कळलं की भाषा बदलायचं कारण मुलाला आपसूक सापडतं. तुमची बोली चूक आहे म्हणून बदला, असं कधीही सांगू नका.

पहिला परिच्छेद

आता वही उघडा. पूर्ण निबंध अजिबात नको. एक परिच्छेद, सहा-सात वाक्यांचा. त्याचा सांगाडा मी फळ्यावर असा ठेवते : मला काय वाटतं, कशावरून, एक दाखला, ज्याला पटत नाही तो काय म्हणतो, तरीही माझं काय म्हणणं, मग काय करावं. वर्षभरानंतर हा सांगाडा मुलं मोडतात आणि मोडावाच. सुरुवातीला मात्र चालताना धरायला भिंत लागते, तसा तो लागतो.

वर जिचा उल्लेख केला त्या मुलीचा पहिला प्रमाण मजकूर असा होता :

‘शाळा सकाळची पाहिजे. कारण आम्हाला कापूस वेचायला जायचं असतं. सकाळची शाळा चांगली असते. म्हणून शाळा सकाळची करावी.’

पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच आहे आणि तिसऱ्यात काही नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. समासात दोन प्रश्न लिहिले : ‘किती मुलं जातात?’ आणि ‘कुणाला हे नको असेल?’ पहिल्या प्रश्नासाठी तिने हजेरीपट मागून घेतला. दुसऱ्यासाठी ती वर्गात फिरली आणि एका मुलाने तिला असं काही सांगितलं, जे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. चार दिवसांनी तिने लिहिलं ते असं :

‘कापूस वेचणीच्या महिन्यात आमची शाळा सकाळची करावी असं मला वाटतं. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दोन आठवड्यांत आमच्या वर्गातली रोज आठ-नऊ मुलं गैरहजर होती, हे मी हजेरीपटात मोजलं. त्यांतल्या सहा जणांना विचारलं. सहाही जण वेचणीला गेले होते. शाळा सकाळची असती तर ती निदान चार तास वर्गात बसली असती. एक मुलगा म्हणतो, शाळा सकाळची झाली तर दुपारी मलाही शेतात नेतील, आत्ता शाळेमुळे मी सुटतो. त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही माझं मत तेच आहे, कारण जी मुलं आत्ता जातात ती पूर्ण दिवस जातात. पण त्याच्यासारख्या मुलांसाठी दुपारी शाळेत बसून अभ्यास करायची सोय ठेवावी.’

यातलं ‘त्याचं म्हणणं खरं आहे’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आणि शेवटचं वाक्य पाहा. समोरच्याचं ऐकल्यामुळे तिचं मत मोडलं नाही, त्याला एक नवी खोली बांधली गेली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शाळेच्या वयाच्या मुलांनी वेचणीला जाऊच नये. ते मी त्या दिवसांत वर्गात बोलले नाही. बोलले असते तर २९ वह्यांत माझंच वाक्य आलं असतं. आपलं मत मागे ठेवणं शिक्षकाला जड जातं, विशेषतः विषय जिव्हाळ्याचा असतो तेव्हा. मुलांचं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं तर जरूर सांगा, आणि ‘कशावरून’ तेही सांगा. त्यांच्या आधी मात्र नको.

जोडशब्दांची एक पट्टी करून भिंतीवर लावा : कारण, म्हणून, उदाहरणार्थ, मात्र, तरीही, जर-तर, एवढंच नव्हे तर, निदान. मुलं ‘आणि’ आणि ‘मग’ यांवर वर्षानुवर्षं भागवतात. ‘तरीही’ हा शब्द त्यांत सगळ्यांत अवघड. तो वापरायचा म्हणजे आधी दुसऱ्याचं काहीतरी मान्य करावं लागतं. त्यासाठी रोज एक वाक्य पुरं करायला द्या : ‘पाऊस चांगला झाला, तरीही…’, ‘भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे, तरीही…’ आठवडाभरात हात बसतो.

दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या तोंडून

जोड्या लावा. एकाने आपलं मत सांगायचं. दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि पहिला ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणेपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतरच स्वतःचं सांगायचं. खेळ सोपा दिसतो, पण पहिल्या दिवशी मुलांना तीन-तीन वेळा सांगावं लागतं. कारण ऐकताना ती मनात आपलं उत्तर जुळवत असतात. मोठ्यांचंही तेच होतं. शिक्षकांच्या बैठकीत हा खेळ घेऊन पाहा.

महिन्यातून एकदा बाजू बदलायला लावा. ‘पटतं’च्या भिंतीपाशी उभ्या राहिलेल्याने ‘पटत नाही’चा परिच्छेद लिहायचा. वादविवाद स्पर्धेसाठी पाठ करून आणलेली भाषणं आणि हे यांत फरक आहे. स्पर्धेत बाजू आधी ठरते आणि कारणं मागून शोधली जातात. वर्गात कारणं गोळा करत मताकडे जायचं असतं. स्पर्धा वाईट नाहीत, पण मुलांची ओळख मताशी व्हायच्या आधी जिंकण्या-हरण्याशी होऊ नये.

तपासताना लाल पेन बाजूला

पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. मला हे शिकायला वेळ लागला. एका मुलाने वडिलांच्या दारूबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि मी सवयीने त्यातल्या ‘दारु’ला गोल केला. नंतर कित्येक आठवडे त्याने फक्त पाऊस, फुलपाखरू असंच लिहिलं. तो गोल मला आजही दिसतो.

आता तीन फेऱ्यांत वाचते. पहिल्या फेरीत फक्त मजकूर : याला काय म्हणायचंय? समासात जास्तीत जास्त दोन प्रश्न, शेरा नाही. ‘छान’, ‘सुंदर’, ‘आणखी प्रयत्न कर’ यांतून मुलाला काही कळत नाही. ‘तू हे कुठे पाहिलंस?’ यातून कळतं. दुसऱ्या फेरीत मांडणी : कोणतं वाक्य कुठे हलवलं तर बरं. तिसऱ्यात शुद्धलेखन, तेही मुलाने आधी स्वतः शोधलेलं. ६० मुलांच्या वर्गात दर आठवड्याला हे जमणार नाही हे मलाही माहीत आहे. तेव्हा आठवड्याला एका रांगेच्या वह्या घ्या आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या वहीत एकेक ‘कशावरून?’ लिहायचा. मुलं तो प्रश्न आपल्यापेक्षा कडकपणे विचारतात.

एक सूचना : ज्या मताशी तुम्ही मुळीच सहमत नाही, त्याच्या मागे भक्कम कारणं असतील तर त्याला पूर्ण गुण द्या. वर्गाचं लक्ष असतं. एकदा असं झालं की पुढे कुणी तुमचा चेहरा वाचत बसत नाही.

‘लहान तोंडी मोठा घास’

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एखादी आई किंवा आजी शाळेत येते. ‘मॅडम, तुम्ही काय शिकवलं हिला? घरात उलट बोलायला लागलीय.’ या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका आणि त्यांना अडाणी समजू नका. आपल्या घरांत मोठ्यांचा शब्द मोडणं आणि मोठ्यांचा अपमान करणं यांत अंतर फार कमी ठेवलेलं असतं. मुलीच्या बाबतीत तर जवळजवळ नसतंच. म्हणून मत मांडायला शिकवताना ते मोठ्यांसमोर कसं मांडायचं हेही आपणच शिकवलं पाहिजे, नाहीतर त्याची किंमत मूल घरी मोजतं.

वर्गात मी याची चक्क तालीम घेते. एकाने आजोबा व्हायचं, एकीने नात. ‘तुम्हाला काही कळत नाही’ याऐवजी ‘आजोबा, तुमचं म्हणणं मला कळलं. मला एक विचारू का?’ ‘मी जाणार नाही’ याऐवजी ‘आण्णा, मला थोडं वेगळं वाटतं, सांगू का?’ परवानगी मागून वेगळं बोलणं ही आपल्या भाषेतली जुनी रीत आहे आणि तिच्यात लाचारी नाही. कधी बोलायचं हेही शिकवा : पाहुण्यांसमोर नको, वडील थकून आल्या आल्या नको. ही तालीम पालकसभेतही करून दाखवा. आमच्याकडे एका सभेत मी पालकांनाच भिंतीचा खेळ खेळायला लावला. वाक्य होतं, ‘मुलीला पुढे काय शिकायचं ते तिला विचारून ठरवावं.’ आया एका भिंतीकडे गेल्या, वडील मधे रेंगाळले आणि दारात उभी मुलं ते बघत राहिली. त्यानंतर ‘उलट बोलते’ ही तक्रार पुन्हा आली नाही असं म्हणणार नाही, पण कमी झाली.

शाळेतच कुणी आक्षेप घेतला तर कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना, मुलाला भीती आणि दडपणापासून मोकळं ठेवणं आणि आपली मतं मुक्तपणे मांडायला मदत करणं, हे स्पष्ट लिहिलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दलचंच आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला.

वर्गाला मात्र कलमं वाचून दाखवू नका. त्यांना मुक्ता साळवेबद्दल सांगा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास. आपल्या वस्तीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे किती हाल होतात, हे तिने स्वतःच्या अनुभवावरून लिहिलं, आणि ज्यांना धर्मग्रंथ वाचायचीही मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, असा सवाल केला. मी मुलांना हे सांगून विचारते, ‘आपल्या चार शब्दांपैकी हिने कोणते वापरले?’ मुलं लगेच सांगतात : पाहिलेलं. एका शाळकरी मुलीचं पाहिलेलं १७० वर्षांनंतरही वाचलं जातं, हे ऐकून वर्ग गप्प होतो.

जपून पावलं टाकायच्या जागा

जात, धर्म आणि गावातलं राजकारण हे विषय मुलांच्या बोलण्यात येणारच. ते दाबू नका, पण भिंतीच्या खेळात घालू नका. तिथे मुलं उभी राहतात तेव्हा त्यांच्यामागे त्यांची घरं उभी राहतात. पोषण आहारात अंडं असावं का, हा साधा वाटणारा प्रश्नही काही गावांत साधा नसतो. आधी अंदाज घ्या. असे विषय वहीत येऊ द्या, मोठ्याने वाचायला लावू नका.

दुसरं म्हणजे घरातली गुपितं. मूल विश्वासाने लिहितं : मारहाण, कर्ज, व्यसन. प्रत्येक वहीत मी एक खूण ठरवून दिली आहे. पानाचा कोपरा दुमडला असेल तर ते पान फक्त मी वाचायचं. मारहाण किंवा अत्याचार दिसला तर मात्र ते गुपित राहत नाही. मुख्याध्यापकांशी बोला, आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ही मर्यादा मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आणि गप्प राहणारी मुलं. त्यांना सगळ्यांसमोर ‘तू बोल ना’ म्हणणं ही शिक्षा होते. त्यांचा कपटा त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, तुम्ही वाचून दाखवा. माझ्या वर्गात एक मुलगी सप्टेंबरपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिचे कपटे मात्र सगळ्यांत धारदार असायचे. वर्ग विचारायला लागला, ‘हे कुणाचं?’ एके दिवशी तिने हात वर केला.

मत पोचवायचं कुठे

वहीत बंद राहिलेलं मत शेवटी निबंधच होतं. म्हणून वर्षातून निदान दोनदा मुलांचं लिखाण खऱ्या माणसापर्यंत पोचवा. दप्तराच्या मोजणीनंतर आमच्या वर्गाने शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहिलं. औपचारिक पत्राचा नमुना अभ्यासक्रमात आहेच : प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपले विश्वासू. मजकुरात त्यांनी वजनांचा तक्ता जोडला. समितीच्या बैठकीत दोन मुलांनी तो वाचून दाखवला. महिनाभरात टाकी धुतली गेली आणि टाकीवर झाकण बसलं. पाणी शुद्ध करायचं यंत्र अजून आलेलं नाही. मुलांनी दुसरं पत्र लिहिलं आहे, पहिल्याचा दिनांक देऊन.

ग्रामपंचायत, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, एसटीचा आगारप्रमुख, वर्तमानपत्रातलं वाचकांच्या पत्रांचं सदर, वरच्या वर्गातली मुलं, हे सगळे वाचक होऊ शकतात. उत्तर येईल न येईल. नकार आला तर तोही वर्गात वाचा आणि विचारा, ‘यांचं कशावरून काय आहे?’ मुलांच्या हातात काहीच न देता नुसतं ‘छान लिहिलंत’ म्हणणारा मोठा माणूस नकारापेक्षा जास्त निराश करतो.

बोर्डाबद्दल थोडंसं

नववी-दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असतं आणि लेखनात वैचारिक निबंधाचा पर्याय असतो, तेव्हा पालक विचारतात की हे सगळं तिथे उपयोगी पडतं का. पडतं. स्वमताच्या उत्तरात पाठातला एक संदर्भ, आपलं मत आणि आपल्या आयुष्यातला एक दाखला एवढं असलं की पुरतं. गाइडमधलं पाठ केलेलं स्वमत परीक्षकाला दुसऱ्या ओळीतच ओळखू येतं. पण पाचवी-सहावीत बोर्डाचं नावही काढू नका. त्या वयात गुणांचा हिशेब सुरू झाला की मुलं पुन्हा नाण्याच्या दोन बाजू लिहायला लागतात.

वर्षाच्या शेवटी

पहिल्या परिच्छेदाखाली पाच-सहा ओळी कोऱ्या ठेवायला सांगा आणि दिनांक घालायला लावा. एप्रिलमध्ये त्या वह्या परत उघडा. मुलांनी आपलंच जुनं मत वाचायचं आणि कोऱ्या ओळींत लिहायचं : आजही मला असंच वाटतं का, आणि कशावरून. फोनबद्दल लिहिणाऱ्या त्या मुलाला मी वर्षाअखेरीला तोच विषय पुन्हा दिला होता. त्याने लिहिलं, ‘आमच्या घरात फोन एकच आहे. तो रात्री आठ ते नऊ बहिणीला द्यावा असं मला वाटतं, कारण ती दहावीला आहे. माझा नंबर रविवारी असतो तेवढा पुरे.’ खाली त्याने स्वतःच लिहिलं होतं : ‘बाबांना दाखवलं. विचार करतो म्हणाले.’